काठमामा आणि तीस पावलांचं टक्कल

ज्या नाट्यगृहात माझी उभी हयात गेली, तिथला सगळ्यांत शिस्तीचा माणूस रंगमंचावर एकदाच आला, तोही हातात कुंडी घेऊन. ते आमचे माळी. त्यांना सगळे काठमामा म्हणायचे, कारण कधीही बघा, मामा बागेच्या कुठल्या ना कुठल्या काठावर गुडघे टेकून बसलेले. गुडघ्याखाली पोत्याची घडी, हातात अर्धगोल पात्याचं फावडं आणि तोंडाने हरळीचा उद्धार.

हरळी म्हणजे आमच्या बागेतलं गवत. तिकिटाच्या खिडकीपाशी उभं राहून बघणारे तिला हिरवळ म्हणत. मामांचा तिच्याशी रोजचा संसार होता, त्यामुळे ते तिला ‘बया’ म्हणत. “ही बया सरळ चालतच नाही, ताई. वरून साळसूद, आणि खालून हात घालते.”

बाग तशी बेताची. हिरवळीत सात गुलमोहर, प्रत्येकाभोवती गोल अळं, आणि अळ्यात चार बोटं जाडीचं लाकडाच्या भुशाचं पांघरूण. त्याने उन्हात माती तापत नाही, घातलेलं पाणी उडून जात नाही, आणि गवत कापायचं यंत्र झाडाची साल सोलत नाही. या पांघरुणाचे मामांचे दोन नियम होते. बुंध्याभोवती वीतभर जागा उघडी ठेवायची, कारण नाकावर गोधडी ओढली की माणूसही गुदमरतो. आणि गवत व भुसा यांच्यामध्ये फावड्याच्या पात्याइतका खोल चर हवा. चराच्या अलीकडे गवताचं राज्य, पलीकडे झाडाचं. दर पंधरवड्याला मामा चर साफ करत आणि भुशात घुसलेल्या हरळीच्या दोऱ्या उपटून काढत. पण फेकून देत नसत. जिथे हिरवळ विरळ झाली असेल तिथे नेऊन खोचत.

“चोरी करते म्हणून हाकलायचं कशाला?” ते म्हणत. “तिला चौकीवर बसवायचं.”

तो भुसा आमच्या नाटकांचा होता. मागे सुताराची शेड होती. राजवाड्याचे खांब, तुरुंगाचे गज, श्रीमंत सासऱ्याच्या बंगल्याचा जिना, सगळं तिथे रंधलं जायचं आणि ढलप्यांचा ढीग पडायचा. मामा तो पोत्यांत भरून नेत. रंग लागलेला तुकडा दिसला की वेचून बाहेर. ताजा भुसाही ते कधी वापरत नसत. सुरुवातीला एकदा उत्साहात त्यांनी ताजा भुसा मातीत कालवला होता, तर सगळी कुंपणाची झुडपं कावीळ झाल्यासारखी पिवळी पडली. तेव्हापासून भुसा वर्षभर कोपऱ्यात पडून राही, मामा त्याला मधूनमधून पाणी देत, खालीवर करत. माझी पहिली भूमिका एका वाक्याची होती, दुसरी अडीच वाक्यांची. मी कुरकुर केली तेव्हा मामा म्हणाले, “ताई, ताजा भुसा लगेच पसरत नसतात.” मला फार राग आला होता. नंतर राणीची भूमिका मिळाली आणि राग गेला. त्या राणीच्या सिंहासनाचा भुसा तिसऱ्या गुलमोहराला गेला. आजही तिथून जाताना मी थोडी ताठ चालते.

मामा माळी म्हणून आलेच नव्हते. ते नेपथ्याचं सामान वाहायला लागले होते. एका ऐतिहासिक नाटकात किल्ल्याची पायरी त्यांच्या पाठीवर पडली. प्रेक्षकांना वाटलं तोफ उडाली, टाळ्या पडल्या. पाठ काही पुन्हा ओझ्याची राहिली नाही. तेव्हाचे व्यवस्थापक म्हणाले, “बागेत बसा.” मामा जे बसले, ते छत्तीस वर्षं. कामाबरोबर नेपथ्याच्या कोठारामागची एक खोली मिळाली. दोन खिडक्या, एक गुलमोहराकडे आणि एक सुताराच्या शेडकडे. त्या खोलीत मामी आल्या, दोन मुली वाढल्या, नांदायला गेल्या. आमच्या कितीतरी नायिकांनी मध्यंतरात मामींच्या पलंगावर पाठ टेकली आहे. मीही त्यांतलीच.

मामा माणसं पायांवरून ओळखत. कोण टाचेवर चालतो, कोण फरशी सोडून कडेच्या गवतावरून चालतो, सगळं त्यांना गवत सांगायचं. एकदा मला म्हणाले, “दुसरा अंक जड जातोय का, ताई? मध्यंतरात येरझाऱ्या फार वाढल्यात.” दिग्दर्शकाला जे कळलं नव्हतं ते हरळीला कळलं होतं.

आता अध्यक्षांकडे येते. आमचे अध्यक्ष वाईट माणूस नव्हेत. त्यांनी गळकं छत दुरुस्त केलं, रंगपटात गरम पाणी आणलं, खुर्च्यांना नव्या गाद्या बसवल्या. हे सगळं ते स्वतः सांगतात, त्यामुळे मी जास्त सांगत नाही. त्यांच्या गाडीला बाजूच्या फाटकाशी राखीव जागा होती. तिथून रंगमंचाचं बाजूचं दार, ज्याच्या आत त्यांचं कार्यालय, फरशीवरून गेलं तर साठ पावलं आणि हिरवळीवरून तिरपं गेलं तर तीस. अध्यक्ष गाडीतून एक पाय बाहेर टाकतानाच फोन कानाला लावत आणि बोलत बोलत तिरपे निघत. सकाळी जाता-येता, संध्याकाळी जाता-येता, चार वर्षं. चालताना त्यांची उजवी टाच जराशी घासते.

पहिल्या वर्षी गवत वाकलं. दुसऱ्या वर्षी पिवळं पडलं. तिसऱ्या वर्षी गेलं. चौथ्या वर्षी तिथे माती अशी गुळगुळीत झाली की ऊन पडलं की चमकायची. मामांनी चार वेळा हरळी लावली, चार वेळा ती त्या टाचेखाली शहीद झाली.

सुवर्णमहोत्सव दोन महिन्यांवर आला तेव्हा अध्यक्षांनी बागेची पाहणी काढली. बरोबर चिटणीस होते आणि मी होते. मी मंडळाची मानद सभासद आहे, म्हणजे चहाला हजर. त्या टकलापाशी अध्यक्ष थांबले.

“मामा, हे काय आहे?”

“वाट पडलीये, साहेब.”

“कोणाची?”

चिटणिसांनी आभाळाकडे पाहिलं. आभाळात काही नव्हतं, तरी ते बघत राहिले. मी पर्समध्ये चष्मा शोधू लागले. तो माझ्या नाकावर होता.

“येणाऱ्याजाणाऱ्याची,” मामा म्हणाले.

“येणारेजाणारे समोरच्या फाटकातून फरशीवरून येतात. इकडून कोण येतं?”

मामांनी पोत्याची घडी या हातातून त्या हातात घेतली. “साहेब, असं करू या. चालणारा काही थांबायचा नाही, तर आपणच गवताचा हट्ट सोडू. इथं दोन्ही बाजूंनी काठ मारतो, मध्ये चार बोटं भुसा पसरतो. वाट होईल. चिखल होणार नाही, आणि बाकीचं गवत सुटेल.”

“वाट? हिरवळीच्या मधोमध?” अध्यक्ष हसले. “अहो, ही बाग आहे, गोठा नव्हे. आणि चालणार कोण तिच्यावरून?”

आता चिटणीसही चष्मा शोधू लागले. ते चष्मा लावत नाहीत.

अध्यक्षांना खरंच माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. मी स्वतः पंचवीस वर्षं प्रत्येक दुःखद प्रसंगात डावी भुवई उचलत होते, आणि हे मला एका शाळेच्या सहलीतल्या मुलीने सांगितलं.

“आणि झाडांभोवती हा कचरा किती दिवस ठेवणार?” जाता जाता अध्यक्षांनी भुशाला बुटाचं टोक लावलं. बाग सांभाळणाऱ्या एका कंपनीने त्यांना रंगीत चित्रं दाखवली होती. त्यांत गवत थेट बुंध्यापर्यंत भिडलेलं होतं, आणि एकाही चित्रात माणूस चालत नव्हता.

टकलाचं कारण शोधायला तीन जणांची उपसमिती नेमली गेली. तिच्या चार बैठका झाल्या. अहवाल अकरा पानांचा. निष्कर्ष असा की भटकी कुत्री जबाबदार आहेत आणि माळ्याचं दुर्लक्ष आहे. उपाय म्हणून त्या टकलावरच पाटी ठोकण्यात आली, ‘कुत्र्यांना मज्जाव’. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष फोनवर बोलत आले, पाटीला वळसा घालून गेले, आणि आठवड्याभरात टकलाला एक सुंदर वळण पडलं.

पण हसण्यावारी नेण्यासारखं पुढे काही राहिलं नाही. मंडळाने ठरवलं की पुढच्या महिन्यापासून बाग कंपनीकडे द्यायची. माळ्याची नेमणूक वर्षावर्षाने वाढायची, ती या वेळी वाढणार नव्हती. नेमणूक गेली की खोली गेली. सुवर्णमहोत्सवाच्या भाषणात अध्यक्ष नवे संकल्प जाहीर करणार होते, त्यांत हा तिसरा होता. एकदा व्यासपीठावरून जाहीर झालं की आमच्याकडे परत फिरणं नसतं. चिटणिसांनी भाषणाचं कार्ड टंकायला दिलं तेव्हा मी पाहिलं. छत्तीस वर्षांचा माणूस दीड ओळीत आटोपला होता.

मी खोलीवर गेले. मामी सामानाच्या बोचक्याला गाठ मारत होत्या, सोडत होत्या.

“ताई, तुम्हीच समजवा ह्यांना. हरळीला दिवसभर व्याख्यान देतात, आणि त्या माणसापुढे एक वाक्य फुटत नाही. सरळ सांगा की, साहेब, तुमचेच पाय!”

मामा दारात फावड्याला कानस मारत बसले होते. “सांगून काय होईल? माणसाला त्याची चाल दाखवली तर तो चाल बदलत नाही. दाखवणारा बदलतो.”

“तो तर तसाही बदलतोय!” मामी म्हणाल्या.

“मी सांगते अध्यक्षांना,” मी म्हणाले.

“नको, ताई. चारचौघांत माणूस खाली पडला की उठल्यावर पहिला राग हात देणाऱ्यावर काढतो. पाठीवर पायरी पडली ना, तेव्हा मीच उचलणाऱ्याला शिवी दिली होती.” त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला. “वाट सांगितलीये मी. त्यांना पटायची तेव्हा पटेल.”

“आपण खोली सोडल्यावर पटेल,” मामी म्हणाल्या, आणि बोचक्याची गाठ पुन्हा सोडली.

इकडे टकलाचा प्रश्न होताच. महोत्सवाला आठ दिवस उरले, एवढ्यात हरळी काही उगवत नाही. तेव्हा चिटणिसांना अशी युक्ती सुचली जी जगात फक्त नाटकवाल्यांनाच सुचू शकते. ते म्हणाले, “पेंटरला बोलवा.”

आम्हा लोकांना खोट दिसली की आम्ही ती दुरुस्त करत नाही, रंगवतो. भिंत फुटली, रंगवा. नायक म्हातारा झाला, रंगवा. आमच्या पेंटरने आयुष्यात नऊ जंगलं, चार समुद्र आणि एक ज्वालामुखी रंगवला होता. त्याने महोत्सवाच्या सकाळी बादलीत हिरवा रंग आणि सरस कालवला, गुडघ्यावर बसला आणि ते तीस पावलांचं टक्कल असं रंगवलं की गॅलरीतून बघणाऱ्याला बेमालूम गवत वाटावं. मध्ये त्याने दोन पिवळी फुलंही काढली. कलावंताचा हात, थांबत नाही.

मामा बाजूला उभे राहून बघत होते. “किती टिकेल?”

“एक प्रयोग.”

“पाणी लागलं तर?”

“मामा, पाणी लागलं तर माझी जंगलंसुद्धा वाहून जातात.”

कार्यक्रम पाचला होता. साडेचारला अध्यक्षांचा फोन आला. फोटोत गवत चमकलं पाहिजे, बागेवर पाणी मारा. मामा फोनवर म्हणाले, “साहेब, रंगावर पाणी नको. मी...” पलीकडून उत्तर आलं ते शेजारी उभ्या असलेल्या मलाही ऐकू आलं. “मामा, निदान शेवटच्या दिवशी तरी सांगितलेलं ऐका.”

मामांनी नळ सोडला. बाग खरोखर चमकली.

पाहुणे समोरच्या फाटकातून, फरशीवरून, कोरड्या पायांनी आले. प्रमुख पाहुण्या एका मोठ्या महाविद्यालयाच्या निवृत्त प्राचार्या होत्या. रंगमंचावर नवंकोरं पांढरं जाजम अंथरलं होतं. आम्हा जुन्या कलावंतांना रंगमंचावरच मागच्या रांगेत बसवलं होतं. मामांना शेवटच्या क्षणी सांगितलं गेलं की भाषणाच्या टेबलाशी एक कुंडी हवी. ते कुंडी घेऊन आले, प्रेक्षकांकडे न बघता ठेवली, आणि विंगेत जाऊन उभे राहिले. दुसऱ्या विंगेत मामी होत्या. त्यांनी सांगून ठेवलं होतं, “आम्हाला काढल्याचं वाक्य मी माझ्या कानांनी ऐकणार.”

तिसरी घंटा झाली आणि अध्यक्ष बाजूच्या दारातून आले. फोन खिशात टाकत, हसत, सगळं जाजम ओलांडून ते मधोमध टेबलापर्यंत पोचले. त्यांच्या मागे दारापासून टेबलापर्यंत, पांढऱ्याशुभ्र जाजमावर, हिरव्या पावलांची रांग उमटली होती. डावं पाऊल ठसठशीत. उजव्याची टाच घासलेली, प्रत्येक पावलामागे छोटी हिरवी शेपटी.

पहिली रांग हसली. अध्यक्षांना वाटलं सुरुवात रंगली. ते म्हणाले, “मित्रहो, पन्नास वर्षांत या संस्थेने अनेक पाऊलखुणा उमटवल्या...”

नाट्यगृह कोसळलं. एवढा हशा आमच्या कुठल्याही प्रहसनाला मिळालेला नाही. ज्यांना टकलाची गोष्ट माहीत होती, आणि ती सगळ्यांनाच माहीत होती, ते बोट दाखवून शेजाऱ्याला समजावू लागले. उपसमितीचे तिघे चौथ्या रांगेत होते. तिघेही बुटांची नाडी बांधू लागले. प्राचार्याबाईंनी चष्मा वर करून जाजमाकडे पाहिलं, मग अध्यक्षांच्या बुटांकडे. मग अध्यक्षांनी स्वतः वळून पाहिलं.

रंगमंचावर वाक्य विसरणं काय असतं ते मला विचारा. दिवे तसेच असतात, लोक तसेच असतात, आणि पायाखालची फळी तेवढी नाहीशी होते. अध्यक्ष स्वतःच्या चार वर्षांकडे बघत उभे होते. हातात कार्ड होतं, त्यावर तिसरा संकल्प होता. त्यांचा चेहरा लाल होत चालला होता, आणि तो लाल कोणावर निघणार हे मला दिसत होतं. त्यांची मान विंगेकडे वळू लागली.

तेवढ्यात विंगेतून, फक्त रंगमंचावर ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, वाक्य आलं. “साहेब, वाट. वाट करायची म्हणा.”

मोठमोठे प्रॉम्प्टर मी पाहिले, पण इतक्या नेमक्या क्षणी दिलेलं वाक्य दुसरं आठवत नाही. अध्यक्षही जातिवंत. त्यांनी ते हवेतल्या हवेत झेललं.

“मित्रहो!” ते गरजले. हशा थांबला. “ही पावलं बघताय ना? ही मी मुद्दाम उमटवली आहेत! बागेतून कार्यालयाकडे येणाऱ्या माणसाला आज वाट नाही. जिथे माणसं चालतात तिथे गवताचा हट्ट धरायचा नसतो. तिथे दोन्ही बाजूंनी काठ मारायचा, मध्ये चार बोटं भुसा पसरायचा, आणि वाट करायची! हा आमचा नवा संकल्प!”

टाळ्या पडल्या. अर्ध्या खऱ्या, अर्ध्या त्यांच्या हिमतीला. मी खऱ्यांत होते. टाळ्या ओसरल्या आणि अध्यक्षांची नजर पुन्हा कार्डाकडे गेली. दीड ओळ अजून तिथेच होती.

“आणि ती करणार कोण?”

हा आवाज दुसऱ्या विंगेतून आला, आणि तो कुजबुजीचा नव्हता. मामींना प्रॉम्प्टिंग येत नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही तो स्वच्छ ऐकू गेला.

अध्यक्ष दोन विंगांच्या मध्ये उभे होते. इकडे मामा, तिकडे मामी, समोर सहाशे माणसं, पायांना हिरवा रंग. त्यांनी कार्ड उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. त्यांनी ती वाचल्यासारखी केली.

“अर्थातच आपले मामा!” ते म्हणाले. “दुसरं कोण करणार?” आणि कार्ड खिशात गेलं.

जाहीर झालं ते झालं. आमच्याकडे परत फिरणं नसतं.

मामींनी त्या संध्याकाळी बोचक्यातला तवा बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पोत्याची घडी घेऊन टकलापाशी गुडघ्यावर बसले. त्यांनी पाण्याने रंग धुतला, पेंटरची दोन पिवळी फुलंही गेली. कुत्र्यांची पाटी उपटली. दोरी लावून दोन्ही बाजूंनी चर मारला, पाटीमुळे पडलेलं वळण तसंच ठेवलं, कारण चालणारा आता तिथूनच वळतो, आणि मध्ये चार बोटं भुसा पसरला. त्या वर्षीचा भुसा एका तुरुंगाचा होता. महिन्याभरात दोन्ही काठांवर हरळी अशी दाट आली की कंपनीच्या चित्रांनी मान खाली घालावी. वाटेला ‘अध्यक्ष मार्ग’ अशी पाटी लागली. उद्घाटन अध्यक्षांनीच केलं आणि वीस मिनिटं बोलले. मामा मागे कुंडी धरून उभे होते.

परवा मी बाकावर बसले होते. अध्यक्षांची गाडी आली, एक पाय बाहेर, फोन कानाला. ते वाटेवर आले. दोन पावलांत भुशाच्या ढलप्या त्यांच्या बुटात शिरल्या असाव्यात. त्यांनी बोलता बोलता पाय झटकला, वाट सोडली, आणि वाटेच्या शेजारून, चांगल्या दाट हिरवळीवरून, टाच घासत कार्यालयाकडे गेले.

मी मामांकडे पाहिलं. मामांनी गवताकडे पाहिलं. तिथे आताच फिकट पट्टा पडू लागला होता.

“आता हो काय करणार?” मी विचारलं.

“काय करायचं?” मामांनी पोत्याची घडी त्या पट्ट्याशेजारी टाकली आणि हळूहळू गुडघे टेकले. “इकडचा काठ वीतभर सरकवतो. तिकडची वीतभर हरळीला परत देतो. पुढच्या वर्षी पुन्हा बघू.” त्यांनी फावडं रोवलं. “तुम्ही जरा पाय वर घ्या, ताई. बाकाखालीही बया शिरलीये.”